बूड नसलेली किटली

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढलं की आमच्याकडे एक तात्त्विक वाद उद्भवतो. कपाटाच्या मागची भिंत पुसायची की नाही? माझं म्हणणं, जी भिंत कुणालाच दिसत नाही तिला मळायचा अधिकार असावा. हिचं म्हणणं, "अहो, दिसत नसली तरी आपल्याला ठाऊक असतं ना!" या वाक्यापुढे भले भले तत्त्वज्ञ मुकाट्याने फडकं हातात घेतील. मीही घेत आलो.

यंदा मात्र मला एक साक्षीदार मिळाला. चहाची किटली, आणि तीही अमेरिकेतली!

१९७५ साली युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल हे संशोधक संगणकाला चित्रं काढायला शिकवत होते. नमुन्याला वस्तू हवी होती. पत्नी सँड्रा यांनी सुचवलं, घरातली चहाची भांडीच घ्या. न्यूएलनी ऐकलं. (विद्वान माणसंही बायकोचं ऐकतात, याची इथे नोंद घ्यावी.) किटली त्यांनी आलेखाच्या कागदावर रेखाटली आणि तिच्या वळणांचे बिंदू हाताने संगणकात भरले. चोच आली, कान आला, झाकण आलं. राहिलं फक्त बूड! वरून बघणाऱ्याला ते दिसणार कुठे?

आपल्याकडे बिनबुडाचे फक्त आरोप गावभर फिरतात. ही किटली जगभर फिरली. उजेड कसा पडतो, सावली कशी दिसते, हे ज्याला त्याला तिच्यावरच तपासायचं होतं. १९९५च्या 'टॉय स्टोरी' चित्रपटातही ती आहे.

त्याच विद्यापीठात एड कॅटमुल यांनी १९७४च्या आपल्या प्रबंधात एक युक्ती मांडली होती. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यापाशी सर्वांत जवळ काय आहे तेवढंच ध्यानात ठेवायचं, मागचं सोडून द्यायचं. पुढे हे गृहस्थ पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले. म्हणजे मी कपाटाच्या बाबतीत जे करू म्हणतो, त्याला तिकडे डॉक्टरेट देतात!

खेळांतही तेच. १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. जागा वाचवायला आकाशातला ढगच हिरवा रंगवून खाली झुडूप म्हणून लावला. ही लबाडी म्हणायची का? आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची, तिला कुणी लबाड म्हटलं नाही. त्या किटलीतून खरा चहा पाजायचं कुणी कबूल केलं असतं, तर गोष्ट निराळी.

एवढी तयारी करून मी हिच्यासमोर बाजू मांडली. तिने शांतपणे विचारलं, "मग अजून तशीच आहे का ती, बिनबुडाची?"

इथे माझा साक्षीदार फुटला. त्या किटलीला नंतर बूड बसवलं गेलं. चित्रातलीच किटली ती, पण कलती धरली की भोक दिसणारच.

"बघा! आणि आपली भिंत तर चित्रातलीसुद्धा नाही."

मी कपाट सरकवलं. मागे वाळवीने खालपासून थेट वरपर्यंत रस्ता बांधून काढला होता. संगणकाच्या चित्रात जे दिसत नाही ते नसतंच; हा नियम मी आमच्या घराला लावून बसलो होतो. हिने काही न बोलता फडकं पुढे केलं.