कठड्याचा फोटो

निवृत्त माणसाच्या हाती कॅमेरा देऊ नये. लेकीनं मला दिला आणि तेव्हापासून मी दर रविवारी गिरगावातल्या जुन्या चाळींचे फोटो काढत हिंडतो. लाकडी कठडा दिसला, की ‘अहाहा!’ म्हणतो. वास्तविक अशाच एका चाळीत माझी पहिली सव्वीस वर्षं गेली. पण तेव्हा कठड्याकडे बघून ‘अहाहा’ म्हटल्याचं काही स्मरत नाही. त्यावर सदैव चादरी वाळत असत. कठडा दिसायचाच कुठे?

गेल्या रविवारी एका चाळीचा डुगडुगता जिना चढलो. गॅलरीत एक आजीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“म्युनिसिपालटीचे का तुम्ही?”

“नाही हो. हे सगळं आता पाडणार, म्हणून फोटो काढतोय. वाईट वाटतं.”

“कुणाला?”

मी गडबडलो. “म्हणजे... मलाच.”

“राहता कुठे?”

“डोंबिवलीला. फ्लॅट आहे.”

“संडास घरात?”

“दोन आहेत,” मी खालमानेनं कबुली दिली.

आजींनी एक खडा वेचून टाकला. “मग वाईट वाटायला सवड मिळणारच. मला हे गुडघे घेऊन रात्री त्या टोकापर्यंत जावं लागतं. त्याचा काढलात का फोटो?”

नव्हता काढला. तिथे उजेड चांगला नव्हता.

तसं पाहिलं तर या चाळी सौंदर्यासाठी कुणी टिकवल्याच नाहीत. १९४७ च्या भाडेकायद्यानं जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला घर सोडणं परवडेना. या दोघांच्या न परवडण्यावर कठडे उभे राहिले आणि आम्ही त्याला ‘वारसा’ म्हणू लागलो! तिकडे वरळीला बी.डी.डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. त्या १६० फुटांसाठी मी डोंबिवलीत बसून हळहळायचं, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या उपासाचं पुण्य आपण मागायचं.

पण मग गेलं ते काहीच नव्हतं का? माझ्या आईच्या छातीत पहाटे कळ आली, तेव्हा डॉक्टर यायच्या आधी खोलीत अकरा माणसं होती. मागच्या वर्षी मी आमच्या मजल्यावर घसरून पडलो, तर शेजाऱ्यांच्या आधी लिफ्ट आली. आता ती अकरा माणसं चांगली म्हणून धावली, की भिंती पातळ म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भिंती जाड करून माणसं तशीच ठेवता आली असती, तर प्रश्नच नव्हता.

निघालो, तशी आजींनी हाक मारली. “माझा एक काढा. इथेच, दारात. नव्या घरात लावीन.”

“म्हणजे तुम्हालाही वाईट वाटतंय तर!”

“न वाटायला काय झालं? साठ वर्षं काढली इथे. पण ते तिकडे गेल्यावर बसून वाटून घेईन.”

त्यांचा फोटो काढला. मग गॅलरीच्या टोकाला जाऊन तोही काढला. एका हातानं नाक धरावं लागल्यामुळे जरा हललाय; पण अल्बमात पहिल्या पानावर तोच लावलाय.