घरचं नेट, कचेरीचं नेट

माझ्या लॅपटॉपला सदसद्विवेकबुद्धी नाही, आणि म्हणूनच त्याचं बरं चाललं आहे. दिवसा तो वाशीमला कचेरीत असतो, संध्याकाळी माझ्याबरोबर पुसदकडे जाणाऱ्या एसटीत बसून अनसिंगला येतो. तिथं त्याचा पत्ता वेगळा, इथं वेगळा. दिवसभर ज्या प्रिंटरशी त्याची गट्टी असते, त्याला घरी आल्यावर तो ओळखसुद्धा देत नाही. पूर्वी हा पालट मला हातानं करावा लागे. कचेरीत त्याला एक ठरीव आकडा नेमून दिलेला होता. घरी आलं की तो पुसायचा आणि 'पत्ता आपोआप मिळू दे' या खुणेवर टिचकी मारायची, नाहीतर घरचं वाय-फाय त्याला दाराबाहेर उभं ठेवी. सकाळी पुन्हा तोच आकडा भरायचा. त्यामुळे आमच्या घरात एक वाक्य रूढ झालं होतं : "आधी पँट बदला, मग लॅपटॉप बदला आणि मग चहा मागा."

या आकड्यांचीही एक मौज आहे. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते १९९४ साली खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले, आणि आता घरोघरी तेच. गावोगावच्या वेशीवर मारुती असतो तसंच. मारुती एकच, गावं निराळी, आणि गावाबाहेर आपला मारुती सांगून उपयोग नाही. याखेरीज कारखान्यातून आलेला एक आकडा यंत्राच्या कपाळावर असतो, तो मात्र कुठंही गेलं तरी बदलत नाही. (हल्लीची यंत्रं तोही झाकून फिरतात म्हणे. पण कपाळ झाकलं म्हणून कपाळावरचं पुसलं जात नाही.)

आता प्रश्न असा, की लॅपटॉपनं केलं ते चालतं, मग माणसानं केलं तर त्याला ढोंगी का म्हणायचं? कचेरीत मी 'साहेब' असतो, घरात 'अहो', आणि गल्लीत अजून 'बापू'. तिघांचे आवाजसुद्धा वेगळे आहेत. यात मला स्वतःला काही खोटेपणा दिसत नाही. बायकोशी बोलतो तसं कचेरीत बोललो तर माझी चौकशी लागेल, आणि कचेरीतल्यासारखं बायकोशी बोललो तर त्याहून मोठी चौकशी लागेल. २००९ च्या विंडोज सातमध्ये नवं नेट जोडलं की यंत्र विचारायचं, हे घर आहे, कचेरी आहे की चव्हाटा? मला तो प्रश्न फार आवडे. २०१२ साली विंडोज आठ आलं आणि घर व कचेरी यांचा एकच रकाना झाला, 'खाजगी'. अमेरिकेत कुणाला तरी वाटलं असणार, की या दोहोंत फरक करण्याजोगं काही नाही. त्या गृहस्थाला एकदा अनसिंगला आणला पाहिजे.

शाळेत आपण सगळ्यांनी चाणक्याच्या दोन दिव्यांची गोष्ट ऐकलेली असते. राज्याचं काम चाललेलं असताना राज्याच्या तेलाचा दिवा. पाहुणा घरगुती बोलायला आला की तो विझवायचा आणि स्वतःच्या तेलाचा लावायचा. हीच गोष्ट मुसलमान लोक आठव्या शतकातल्या उमर बिन अब्दुल अझीझ या खलिफाबद्दल सांगतात. म्हणजे दोन नेटांमधला पालट ही काही आजची भानगड नव्हे. मला या गोष्टीत एकच शंका येते. एक दिवा विझवून दुसरा लावेपर्यंत मध्ये जो अंधार झाला असेल, त्यात पाहुणा काय म्हणाला? कारण दिवा विझला तरी राज्याच्या दिव्याखाली वाचलेलं डोक्यातून विझत नाही.

माझी कचेरी कर्जाच्या कागदांची आहे. भोवतालच्या गावांतले खातेदार म्हणजे कुणाचा साळा, कुणाचा व्याही, कुणाचा होऊ घातलेला जावई. जोवर कचेरीची खाती कचेरीतच उघडत, तोवर मी मोठा तत्त्वनिष्ठ माणूस होतो. कुणी अंगणात येऊन विचारलं की सांगायचं, "इथं दिसत नाही हो, नेट कचेरीचं आहे." तत्त्व नेटचं, पुण्य माझं. पुढं २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि घरून काम करता यावं म्हणून कचेरीनं व्हीपीएन नावाचा एक बोगदा खणून दिला. घरच्या नेटमधून या तोंडानं शिरलं की त्या तोंडानं थेट कचेरीत. टाळेबंदी उठली, बोगदा राहिला, आणि माझी सबब गेली.

दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याच बोगद्याच्या तोंडाशी येऊन बसला. त्याच्या मुलीला जवळच्याच गावचं स्थळ आलेलं.

"बापू, तुह्या त्या डबड्यात दिसते न सारं? पोराच्या बापाकडे किती बाकी हाय, येवढंच पाहून सांग मले."

"दादा, ते कचेरीचं आहे. मला नाही सांगता येत."

"काऊन? पोरगी तुही पुतणी हाय का कचेरीची?"

या प्रश्नाला चाणक्याकडं उत्तर असेल, माझ्याकडं नव्हतं. पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. आणि खरं सांगायचं तर लॅपटॉप उघडायचीही गरज नव्हती, ते खातं माझ्या हाताखालून गेलेलं होतं. नेट तोडता येतं, डोकं कसं तोडणार?

सातबारा मात्र सगळ्यांना खुला आहे. दादाला मुलाचं शिक्षण नीट सांगता आलं नाही, पण मुलाच्या बापाचा गट नंबर तोंडपाठ होता. मी घरच्या नेटवर, घरच्या तेलात म्हणा हवं तर, महाभूलेख उघडून उतारा दाखवला. 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा असतो, तो होता. सोयाबीन पेरणाऱ्या कुणाच्या उताऱ्यावर तो नसतो? हप्ते वेळेवर जातात की थकले, ते सातबारा सांगत नाही.

"ते पोराच्या बापालेच विचार," मी म्हटलं.

"म्हंजे थकले हायेत."

इथं खरी अडचण आहे. नुसतं गप्प बसणं फुकट जातं. खातं स्वच्छ असतं तर मी चटकन 'चांगलं स्थळ आहे' म्हणून गेलो असतो, हे दादाला कळतं; मग माझं न बोलणं हेच उत्तर होतं. तेव्हा वाइटाबद्दल गप्प राहायचं तर चांगल्याबद्दलही तेवढंच गप्प राहावं लागतं, दर वेळी, प्रत्येकाशी, एकाच चेहऱ्यानं. यात एखाद्या भल्या माणसाचं चांगलं स्थळ माझ्या थंड चेहऱ्यामुळे मोडू शकतं, हे मला दिसतं. तरी मी तोच शिरस्ता धरला आहे. उद्या दादाचंच खातं पाहायला कुणाचा तरी दादा येईल. म्हणून त्या खात्यात बाकी होती की नव्हती, हे मी तुम्हालाही सांगणार नाही.

दादानं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "म्हंजे तुले कचेरीत माहीत हाय न् घरी माहीत नाही?"

"हो."

"अन् एसटीत?"

याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

लग्नाची बोलणी चालू आहेत. दादानं मुलाच्या बापाला विचारलं की नाही, त्यानं काय सांगितलं, हे मला कळलेलं नाही. दादा येतो अधूनमधून. पूर्वी रस्त्यापासूनच "बापू" म्हणून हाक मारायचा, हल्ली कडी वाजवतो.