रानफुलांचीं नांवें

सौंदर्याच्या आस्वादास नांवाची गरज नाहीं, असें म्हणणारे रसिक पुष्कळ आहेत. श्रावणांत माळावर उमललेलें फूल पाहून मन प्रसन्न झालें, कीं त्याचें कार्य संपलें; त्याचें कुलगोत्र विचारीत बसणें ही रुक्ष पंडितांची हौस, असा त्यांचा अभिप्राय असतो. हा अभिप्राय दिसतो तितका निर्दोष नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ज्याला आपण नुसतें 'तण' म्हणतों, त्याकडे आपण फारसें पाहिलेलेंच नसतें. नांव निश्चित करावयाचें म्हणजे पानें समोरासमोर आहेत कीं एकाआड एक, पाकळ्या सुट्या आहेत कीं जुळलेल्या, पुंकेसर किती, हें सारें न्याहाळावें लागतें. नांव हें अवलोकनाचें फळ होय; आणि अवलोकन हा आदराचाच एक प्रकार आहे.

शिवाय चुकीचें नांव नेहमींच निरुपद्रवी असतें असें नाहीं. 'शंखपुष्पी' या एकाच नांवाखालीं देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पति वैद्यांच्या हातीं जातात. केरळांत तर गोकर्णीसच तें नांव आहे. ग्रंथांतील गुण एकीचे आणि रोग्याच्या पोटांत दुसरी! कळलावीचा विषारी कंद खाण्याजोगा समजून खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत. येथें प्रश्न केवळ भाषेचा राहत नाहीं. तो सत्याचा व जबाबदारीचा होतो.

मग लिनीअसनें १७५३ सालीं योजिलेलीं द्विपद लॅटिन नांवेंच तेवढीं खरीं मानावीं काय? 'ग्लोरिओसा सुपर्बा' म्हटल्यानें जगांतील कोणत्याहि अभ्यासकास नेमकी वेल कळते, हा लाभ लहान नव्हे. परंतु त्या नांवांत वैभवाची स्तुति तेवढी आहे. प्रसूतीच्या कळा आणणारी ती कळलावी, ज्वालेसारखी ती अग्निशिखा. या नांवांत पिढ्यांचा अनुभव सांठला आहे. १६७८ ते १६९३ या काळांत व्हान ऱ्हीडचा 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ बाहेर पडला, त्यासहि इट्टी अच्युतन् वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या कोंकणी वैद्यांच्या ज्ञानाचाच आधार होता.

तेव्हां दोन्ही नांवें हवींत: एक चूक टाळण्यासाठीं, दुसरें नातें टिकविण्यासाठीं. आणि जेथें खात्री नसेल, तेथें फूल कांहीं काळ निनांवी राहूं द्यावें. परक्यास भलत्याच नांवानें हाक मारण्यापेक्षां 'आपण कोण?' असें विचारून थांबणें अधिक सभ्यपणाचें नव्हे काय?