नाण्यांना काय विचारावं?

पुढचं कळावं ही भूक माणसाला सगळीकडे सारखीच. आमच्या इंद्रवेल्लीत मृगाचा पहिला पाऊस पडला की सरकी आजच टोबायची की दुसऱ्या पावसाची वाट पाहायची, हा घोर घराघरांत असतो. गोव्याकडे, कोकणात देवाला कौल लावतात. पाकळी उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार. चीनमध्ये असं विचारण्यासाठी ‘यी चिंग’ हा फार जुना ग्रंथ आहे.

त्याची घरगुती रीत सोपी आहे. तीन नाणी सहा वेळा टाकायची. छापा पडला तर तीन धरायचे, काटा पडला तर दोन. बेरीज सात किंवा नऊ आली तर अखंड रेघ, सहा किंवा आठ आली तर मधे तुटलेली. रेघा खालून वर मांडत जायच्या. अशी एकूण 64 चित्रं होतात आणि प्रत्येकाखाली सल्ला लिहिलेला असतो. सहा आणि नऊच्या रेघा बदलत्या मानतात. त्या उलटवून दुसरं चित्रही वाचायचं. याहून जुनी रीत 50 काड्यांची आहे, पण तिला वेळ फार लागतो.

हे परक्यांचं वेड म्हणून हसायचं कारण नाही. गर्गांच्या नावावर असलेल्या ‘पाशककेवली’तही 64च उत्तरं आहेत. चार बाजूंचा फासा तीनदा टाकायचा आणि उत्तर वाचायचं. त्याच्या हस्तलिखित प्रती जैन भांडारांत जपलेल्या आहेत.

पण नाण्याला खरंच काही कळतं का? मला विचाराल तर नाही. तीन नाणी आठ तऱ्हांनी पडतात. त्यांत सहा एकदा, नऊ एकदा, सात आणि आठ तीन-तीनदा. हा सरळ हिशेब आहे, तो कुणाची कड घेत नाही. तरीही या बसण्याचा एक गुण मला मान्य आहे. नाणी हातात घेण्याआधी प्रश्न नीट शब्दांत मांडावा लागतो. मनातला अर्धा गोंधळ तिथंच उतरतो.

खरी अडचण पुढे आहे. ओळखीतल्या एका बाईंनी मला विचारलं, ‘‘मुलीला नांदेडचं स्थळ आलंय. घर चांगलं आहे, पण तिचं शिक्षण व्हायचंय. नाणी टाकून बघू का?’’ मी म्हटलं, ‘‘मुलीला विचारलंत का?’’ त्या गप्प बसल्या. नाण्यांना विचारणं सोपं असतं, कारण नाणी उलटून बोलत नाहीत, रडत नाहीत. ज्या पोरीला त्या घरात आयुष्य काढायचंय तिला न विचारता नाण्यांना विचारणं, हे मला अन्यायाचं वाटतं.

आणि उत्तर मनासारखं आलं नाही तर? माणूस पुन्हा नाणी टाकतो. यी चिंगच्या चौथ्या चित्रातच बजावलंय की पहिल्यांदा विचाराल तर उत्तर मिळेल, पुन्हा पुन्हा विचाराल तर नाही. म्हणजे हा मोह त्या ग्रंथालाही ठाऊक होता.

उपासकदशांग सूत्रात सद्दालपुत्र कुंभाराची गोष्ट आहे. सगळं आधीच ठरलेलं आहे, माणसाच्या प्रयत्नाने काही होत नाही, असं तो मानायचा. महावीरांनी त्याला विचारलं, तुझी मडकी कुणी फोडली तर काय करशील? तो म्हणाला, शिक्षा करीन. मग सगळं ठरलेलंच असेल तर फोडणाऱ्याचा दोष कसला? कुंभाराला ते पटलं. नाण्यांचंही तसंच. उद्या त्या मुलीचं काही बिनसलं तर ‘नाण्यांनी सांगितलं होतं’ असं म्हणून आईची सुटका व्हायची नाही. हो म्हणणारी तीच असते.

म्हणून मी त्या बाईंना एवढंच सांगितलं की आधी मुलीशी बोला. तिचं मन कळल्यावरही जीव थाऱ्यावर नसेल तर खुशाल नाणी टाका, पण ‘तिचं लग्न करू का’ असं विचारू नका. ‘मी आई म्हणून कसं वागू’ असं विचारा.