रविवारची उपासना आणि बुधवारचा बाजार

शास्त्रभाग : आमोस ८:४-७; मत्तय ५:२३-२४; रोम. १२:१-२

रविवारी पाळकांनी आशीर्वाद दिला, शेवटचे 'आमेन' झाले, गीतपुस्तके मिटली आणि आपण घराकडे निघालो. उपासना संपली, असे आपण सहज म्हणतो. पण ती खरोखर संपली काय? शब्बाथ शाळेतील एखाद्या मुलाने हे विचारले, तर त्याला आपण काय उत्तर देऊ?

गोव्यात डिचोली येथे दर बुधवारी बाजार भरतो. समजा, आपल्या मंडळीतील एक बंधू तेथे भाजी विकावयास बसला आहे. रविवारी त्याने दानाच्या थैलीत अर्पण टाकले. आज त्याच्या मापात पाप आहे. देवासमोर तो केव्हा उभा होता, रविवारी की बुधवारी? दोन्ही वेळा. ज्या हाताने अर्पण टाकले, त्याच हाताने त्याने तराजू धरला आहे. आमोस संदेष्ट्याच्या काळचे व्यापारीही शब्बाथ पाळत. पण तो कधी उरकतो आणि खोट्या तराजूने धान्य विकावयास कधी मिळते, याकडे त्यांचा डोळा असे. अशांची गीते देवाला कोलाहल वाटली.

जुन्या करारातील इब्री भाषेत 'अवोदा' असा एक शब्द आहे. मिसर देशात इस्राएल लोकांनी शेतात उपसलेल्या कष्टांना तो शब्द लाविला आहे, आणि निवासमंडपातील देवाच्या सेवेलाही तोच. आपल्या मराठीतही आपण धन्याची सेवा म्हणतो व देवाचीही सेवाच म्हणतो. पौल रोम येथील मंडळीला लिहितो तेव्हा पशूचे नव्हे, तर स्वतःच्या शरीराचे जिवंत अर्पण मागतो. शरीर म्हणजे नांगर धरणारे हात, भाकरी भाजणारे हात, हिशेबाच्या वहीत आकडे लिहिणारे हात.

पेडणे आणि डिचोली या भागांत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. हे प्रांत अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अंमलाखाली आले. त्यांस नव्या काबिजादी म्हणतात. जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात राजसत्तेने देवळे पाडली होती. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ मोडल्यावर भाविकांनी देव नदीपलीकडे नार्वे येथे नेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार केला. हे नार्वे डिचोली तालुक्यातच आहे. तेव्हा येथील शेजाऱ्याच्या स्मरणात ख्रिस्ताच्या नावाबरोबर एक जखमही असू शकते. "ते कृत्य आमच्या पंथाचे नव्हे," असे म्हणून आपली सुटका होत नाही. दुसऱ्याची उपासना बळाने मोडून ख्रिस्ताची उपासना होत नसते, हे प्रथम आपणच नम्रपणे कबूल केले पाहिजे.

हा शेजारी आपल्या मंदिरात येत नाही. आपली गीते त्याने ऐकलेली नाहीत. त्याला आपली उपासना दिसते ती बांधावर, विहिरीवर, दुकानात. आपण उसने घेतलेले वेळेवर परत करतो काय? त्याच्या घरी मृत्यू झाला असता आपण जातो काय? त्याच्यापुरते आपले वर्तन हेच आपले शास्त्रवाचन होय.

मोहाचे प्रसंगही येथे थोडे नाहीत. पेडणे तालुक्यात मोपा येथे २०२२ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. जमिनीला असा भाव येऊ लागला म्हणजे भावाभावांतील जुना वाटा आठवतो, आणि अडाणी चुलतीची सही घेणे सोपे वाटते. डिचोलीकडे खाणींनी पुष्कळांना पोसले; २०१२ साली काम थांबले, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ज्याने कर्ज काढून ट्रक घेतला, त्याच्या दारी हप्ता येऊन उभा राहिला. अशा वेळी मंडळीने केवळ "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" म्हणावे, की त्याच्या घरी पिठाची पिशवीही पोहोचवावी? याकोबाने आपल्या पत्रात याचे उत्तर केव्हाच दिले आहे.

येथे कोणी म्हणेल, "काम हीच उपासना, तर रविवारी मंदिरात कशाला जावे?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. तराजू रोज वापरात असला तरी वजने प्रमाणित करून घ्यावी लागतात; वापराने ती झिजतात, आणि झीज दुकानदाराच्या लक्षात येत नाही. आपले मनही तसेच झिजते. आठवडाभर आपण स्वतःच्या मापाने स्वतःला मोजतो आणि पुरेसे भरतो. रविवारी वचनापुढे व प्रभूच्या मेजापुढे आपली तूट आपल्याला कळते, आणि क्षमाही मिळते. ती क्षमा घेऊनच सोमवारी कामाला जावयाचे. सोमवारविना रविवार पोकळ आहे, हे खरे. पण रविवारविना सोमवार आपल्याच मापाने मोजला जातो.

प्रभू येशूने तर वेदीपाशी आलेल्या मनुष्याला अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावयास परत पाठविले. म्हणजे मंदिराची वाट भावाच्या अंगणातून जाते.

प्रिय वाचकहो, येत्या रविवारी आशीर्वाद ऐकताना डोळे मिटलेले असतील, तेव्हा एक नाव आठवून पाहावे : ज्याचे आपण देणे लागतो, किंवा ज्याच्याशी बोलणे टाकले आहे. 'आमेन' झाल्यावर आधी त्याच्या घरी जावे. तोवर उपासना संपलेली नाही.