शस्त्रक्रियेनंतरची वर्षं

स्तनवर्धनाच्या शस्त्रक्रियेबद्दल आपल्याकडे उघडपणे बोललं जात नाही, त्यामुळे तिच्याविषयीचे समज एकतर कुजबुजीतून तयार होतात किंवा जाहिरातींतून. कुजबुज सांगते की त्याने कॅन्सर होतो, विमानात बसलं की इम्प्लांट फुटतं, पुढे बाळाला अंगावर पाजता येत नाही, आणि असलं काही करून घेणारी बाई सिनेमातली तरी असते किंवा थिल्लर तरी. जाहिरात सांगते की काम दोन तासांचं, संध्याकाळी घरी, आणि आत्मविश्वास जन्मभराचा. ही दोन टोकं परस्परविरोधी दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच चुकीची कल्पना आहे: शस्त्रक्रिया झाली की विषय संपला. घाबरवणाऱ्याच्या मते वाटोळं त्याच दिवशी होतं, भुलवणाऱ्याच्या मते कल्याणही त्याच दिवशी. प्रत्यक्षात त्या दिवशी एक वैद्यकीय उपकरण शरीरात बसवलं जातं आणि त्याची देखभाल पुढची दहा, वीस, तीस वर्षं करावी लागते. या विषयातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज माझ्या मते हाच आहे. बाकीचे बहुतेक त्यालाच फुटलेले फाटे आहेत.

इतिहास पाहिला तर हे स्पष्ट होतं. सिलिकॉन जेलचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात बसवलं गेलं. टिमी जीन लिंडसे ही स्त्री रुग्णालयात आली होती ती अंगावरचं गोंदण काढून घेण्यासाठी. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या शल्यचिकित्सकांनी तिला या नव्या प्रयोगाबद्दल विचारलं आणि ती तयार झाली. त्यानंतर या शस्त्रक्रियेचा प्रसार झपाट्याने झाला. वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण आणणारा कायदा अमेरिकेत आला तो १९७६ साली. इम्प्लांट तोवर चौदा वर्षं वापरात होती आणि आधीपासून बाजारात असल्यामुळे त्यांच्या उत्पादकांकडे सुरक्षिततेचा पुरावा लगेच मागितला गेला नाही. किती स्त्रियांना बसवली, त्यांपैकी कितींची फाटली, कोणाला काय त्रास झाला, याची पद्धतशीर नोंद कुठेच नव्हती. पुढे सांधेदुखी, सततचा थकवा, संधिवातासारखे आजार अशा तक्रारी घेऊन स्त्रिया पुढे आल्या, तेव्हा त्यांना खात्रीने ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगू शकेल असं कोणी नव्हतं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे, प्रमुख डेव्हिड केसलर यांनी सिलिकॉन इम्प्लांटचा वापर थांबवायला सांगितलं, आणि नंतर तो कॅन्सरनंतरची पुनर्रचना व संशोधन यांपुरता मर्यादित केला. न्यायालयांत दाव्यांचा पूर आला, १९९५ मध्ये इम्प्लांट बनवणाऱ्या डाऊ कॉर्निंग कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. शास्त्रीय उत्तर मात्र हळूहळू येत होतं. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये सर्व अभ्यास तपासून सांगितलं की अशा सर्वांगीण आजारांशी सिलिकॉनचा संबंध सिद्ध होत नाही. २००६ मध्ये सर्वसाधारण वापराला पुन्हा परवानगी मिळाली. आधी वापर, मग भीती, मग खटले आणि सर्वांत शेवटी पुरावा, असा हा उलटा क्रम होता.

कॅन्सरच्या भीतीचंही असंच झालं. स्तनाच्या नेहमीच्या कॅन्सरचा धोका इम्प्लांटमुळे वाढल्याचं मोठ्या अभ्यासांत आढळलेलं नाही. मॅमोग्राफीत इम्प्लांटमुळे काही भाग झाकला जातो, म्हणून जास्तीच्या खास प्रतिमा घ्याव्या लागतात आणि तपासणाऱ्या तंत्रज्ञाला आधी सांगावं लागतं. पण एवढ्यावरून ‘कॅन्सरचा काही संबंध नाही’ असं म्हणणंही खरं नाही. शरीर इम्प्लांटभोवती स्वतःच्या ऊतींचं एक आवरण तयार करतं. त्या आवरणात एका विरळ प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या पेशींचा कॅन्सर, होऊ शकतो. एफडीएने याबद्दल २०११ मध्ये सावध केलं. जुलै २०१९ पर्यंत जगभरातून ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदवले गेले होते. त्यांतले बहुतांश रुग्ण अ‍ॅलर्गन कंपनीच्या खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेले होते आणि ती इम्प्लांट जगभरातून परत घेण्यात आली. लाखो इम्प्लांटच्या तुलनेत हा आकडा लहान आहे. शिवाय आजार वेळीच ओळखला तर इम्प्लांट आणि आवरण काढून टाकल्यावर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. मात्र हा आजार साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी, एका बाजूच्या सुजेच्या रूपाने प्रकट होतो. जिला सांगितलं गेलं की विषय संपला, ती आठ वर्षांनी आलेल्या सुजेचा संबंध त्या जुन्या शस्त्रक्रियेशी लावेलच कशी?

इम्प्लांट जन्मभर टिकतं, हा समज तर आकड्यांपुढे उभाच राहत नाही. एफडीएच्या २०११ च्या अहवालानुसार केवळ आकारवाढीसाठी इम्प्लांट बसवलेल्या दर पाच स्त्रियांपैकी एकीला ते दहा वर्षांच्या आत काढावं लागतं. कॅन्सरनंतर बसवलेल्यांत हे प्रमाण दोघींत एक इतकं आहे. कधी भोवतालचं आवरण आकसून स्तन कडक होतो आणि दुखतो, कधी इम्प्लांट जागचं हलतं, कधी फाटतं. मिठाच्या पाण्याचं इम्प्लांट फाटलं तर स्तन बसतो आणि ते लगेच कळतं. सिलिकॉन जेलचं फाटलं तर बाहेरून काहीच कळत नाही असंही होतं. म्हणूनच पाचव्या-सहाव्या वर्षी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, असा सल्ला आता दिला जातो. याशिवाय वय वाढतं, वजन कमीजास्त होतं, बाळंतपणं होतात. इम्प्लांट त्वचेचं वय थांबवत नाही, तेव्हा स्तन ओघळणार नाहीत ही आशाही फोल. स्तनपानाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. इम्प्लांट दूधग्रंथींच्या किंवा छातीच्या स्नायूच्या मागे बसवतात, त्यामुळे अनेक जणी बाळाला पाजू शकतात. पण छेद स्तनाग्राच्या कडेने घेतला असेल तर दूध कमी पडण्याची शक्यता वाढते. विमानात मात्र ते फुटत नाही.

कोणी म्हणेल, यात वेगळं काय आहे? कृत्रिम गुडघाही झिजतो, पेसमेकरही बदलावा लागतो. हे खरं आहे, पण त्या रुग्णांच्या मागे आरोग्यव्यवस्था उभी असते. इथे आपल्या व्यवस्थेने हात आधीच काढून घेतलेला असतो. जन्मजात दोष, वाढीतली विकृती किंवा अपघात यांवरच्या उपचारांखेरीज होणाऱ्या सौंदर्यशस्त्रक्रिया भारतात करमुक्त आरोग्यसेवेत मोडत नाहीत, त्यांवर जीएसटी लागतो. आरोग्यविम्याच्या नेहमीच्या अटींतही त्या वगळलेल्या असतात. दहा वर्षांनी इम्प्लांट काढायची वेळ आली की हा खर्च बहुधा त्या स्त्रीच्या एकटीच्या माथी येतो, आणि पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी तो तिला क्वचितच सांगितला जातो. ‘नसते चोचले होते, भोगू दे’ हा समाजाचा न्याय तिला प्रश्न विचारण्याचीही मुभा ठेवत नाही. ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत एक स्तन वाढलाच नाही अशा मुली असतात, कॅन्सरमध्ये स्तन गमावलेल्या असतात, तृतीयपंथी स्त्रिया असतात, आणि फक्त आपलं शरीर वेगळं दिसावं असं वाटणाऱ्याही असतात. शेवटच्या गटाला खरी माहिती मिळण्याचा हक्क इतरांपेक्षा कमी आहे, असं मला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही. चेन्नईच्या स्टॅनले वैद्यकीय महाविद्यालयाने २०१८ मध्ये ही शस्त्रक्रिया मोफत देऊ केली तेव्हा बरीच टीका झाली. मला तो निर्णय स्वागतार्ह वाटतो, कारण सरकारी रुग्णालयात केसपेपर निघतो आणि पुढच्या तपासणीला यायला दार उघडं राहतं.

मग हे सगळं बंदच का करू नये, असा दुसरा आक्षेप येतो. बंदीने इच्छा मरत नाही. स्तनांचा आकार बदलण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, तरी असली तेलं आणि मलमं आजही विकली जातात. त्यांनी काही वाढत नाही. पॅराफिन आणि पातळ सिलिकॉन थेट टोचून घेण्याचे प्रकार इम्प्लांटच्या आधीपासून झाले आणि त्यांनी स्त्रियांची शरीरं विद्रूप केली. मात्र परवानगी दिली म्हणजेही जबाबदारी संपत नाही. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीच्या इम्प्लांटना युरोपातलं गुणवत्तेचं प्रमाणपत्र होतं आणि आत भरलं होतं औद्योगिक वापराचं स्वस्त सिलिकॉन. २०१० मध्ये हे उघड झालं तोवर साठाहून अधिक देशांतल्या स्त्रियांच्या शरीरांत ते गेलेलं होतं. कंपनीचे संस्थापक जाँ-क्लोद मास यांना २०१३ मध्ये चार वर्षांची कैद झाली. कुठल्या स्त्रीच्या शरीरात नेमकं कुठलं इम्प्लांट आहे हे शोधणं हेच पुढचं अवघड काम होतं.

थकवा, विसरभोळेपणा, अंगदुखी यांच्या तक्रारी अनेक स्त्रिया आजही करतात. इम्प्लांट काढल्यावर बरं वाटलं असंही त्यांच्यातल्या काही जणी सांगतात. १९९९ च्या अहवालाकडे बोट दाखवून त्यांना मनाचे खेळ म्हणणं हा मला अन्याय वाटतो. संबंध सिद्ध झाला नाही आणि संबंध नाही, ही दोन वेगळी विधानं आहेत. २००६ ची परवानगी देताना उत्पादकांना प्रत्येकी सुमारे ४०,००० स्त्रियांचा दहा वर्षं मागोवा घेण्याची अट घातली होती. मेंटॉर कंपनीकडे तीन वर्षांनंतर त्यांतल्या केवळ २१ टक्के स्त्रियांची माहिती होती. मोजणाराच मध्येच थांबला तर ठाम बोलण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. २०२१ पासून अमेरिकेत या इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा सक्तीचा आहे, या तक्रारींचा त्यात उल्लेख आहे, आणि धोक्यांची यादी रुग्णाबरोबर वाचल्याशिवाय इम्प्लांट बसवता येत नाही. नेदरलँड्सने २०१५ पासून राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे. आपल्याकडे यातलं काय आणि कधी होईल याची वाट न पाहता प्रत्येक स्त्रीने शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनला विचारावं की इम्प्लांट कुठल्या कंपनीचं, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, पुढच्या तपासण्या कधी, आणि काढावं लागलं तर खर्च कोणाचा. नंतर उत्पादकाचं नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक असलेलं कार्ड मागून घ्यावं आणि घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावं. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गनची बातमी आली तेव्हा ज्यांच्याकडे ते कार्ड होतं त्यांना आपलं इम्प्लांट त्यातलं आहे की नाही हे त्याच दिवशी पाहता आलं.