सांध्याखालचा फुटवा

लहानपणी आमच्याकडे जेवणापूर्वी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणत. ताटं वाढलेली, वरणाचा वास नाकात, आणि आम्ही भावंडं वर मुळं नि खाली फांद्या असलेल्या त्या झाडाचे श्लोक भराभर उरकायचो. ते झाड असंगाच्या शस्त्रानं तोडायचं असतं, हे तिसऱ्या श्लोकात येतं. तोवर सगळं लक्ष भाताकडे लागलेलं असे. साठी उलटल्यावर तो श्लोक मला नीट आठवला, तो साताऱ्यातल्या आमच्या अंगणात, कात्री घेऊन गुलाबापुढे उकिडवी बसले असताना.

रोप दोन वर्षांचं. ‘पीस’ जातीचं, पिवळसर पाकळी आणि तिच्या कडेला गुलाबी झाक. श्रावण सरता सरता त्याच्या बुडातून एक फुटवा निघाला आणि बघता बघता माझ्या कमरेला लागला. बाकीच्या फांद्यांची कोवळी पालवी तांबूस होती, याची फिकट पोपटी. बाकीच्यांना एका देठावर पाच पानं, याला सात, कुठे नऊ. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, “सात पानं म्हणजे रानटी. कापून टाका.”

गेल्या वर्षी मी हेच ऐकलं होतं. तेव्हाही असाच एक जोमदार फुटवा आला होता. मी सात पानं मोजली आणि कात्री चालवली. नंतर माळीदादा आला, बुडाशी वाकून बघत राहिला आणि म्हणाला, “काकू, हा कलमाच्या डोळ्याच्या वरून निघाला होता. हा तर आपलाच होता.” पानं मोजून काही ठरत नाही. कलमी गुलाबाच्या कित्येक जातींनाही सात पानं येतात. फुटवा कुठून निघाला, तेवढंच बघायचं असतं. त्याचं ते वाकून बघणं मी विसरलेले नाही.

म्हणून या वेळी आधी खुरपं घेतलं. बोटानं माती सारत गेले, तेव्हा कलमाचा सांधा हाताला लागला. कोपराच्या हाडासारखी टणक गाठ. नर्सरीत खुंटाच्या, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या रोपाच्या, सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात, तिच्यात हव्या त्या गुलाबाचा डोळा सरकवतात, वरून पट्टी बांधतात. डोळा धरला की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकतात. फुटवा या गाठीच्या दोन बोटं खालून आला होता. पान उलटून पाहिलं, तर देठाच्या बुडाशी बारीक दातऱ्यांची झालर. ही खूण चीन-जपानकडच्या एका रानगुलाबाची. डोळा बांधायला खुंट म्हणून तो लावतात.

माळीदादाच्या भाषेत हा पानसोट, वहिनींच्या भाषेत रानटी. माझ्याही तोंडात ‘परका’ हा शब्द आला, आणि तिथेच मी अडले. परका कोण? पीस हा गुलाब फ्रान्समध्ये ल्योंजवळ मेयाँ घराण्यानं १९३५ साली केलेल्या संकरातला. २९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपत आलं असताना, अमेरिकेत त्याला हे नाव मिळालं. जगातला प्रत्येक पीस त्या एकाच रोपाच्या डोळ्यातून पुढे आलेला. म्हणजे माझ्या अंगणातला डोळा नव्वदीचा आणि खुंट दोन-चार वर्षांचा. मी पाणी घालते ते पितो खुंट. वैशाखातलं ऊन सोसतो खुंट. फूल उपरं आहे, आणि ज्याला मी परका म्हणाले तो घरधनी आहे.

स्वधर्म उणा असला तरी बरा, हे मी मुलांना किती वेळा सांगितलं असेल. त्यातला ‘स्व’ कोणता, असं कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. इथे एकाच सालीखाली दोन ‘स्व’ नांदतात. खुंटानं स्वतःची फांदी काढली, यात त्याचं काय चुकलं?

आणखी एक गोष्ट मनात घोळत राहिली. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. मी तर माती उकरून मूळच शोधत होते. बीज, खाण, कूळ हे शब्द आपल्याकडे माणसं निवडायला पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले, आणि त्याला दाखले दिले शेता-बागेतले. चोखोबांना पंढरपुरात देवळाबाहेर ठेवणाऱ्यांकडेही असे दाखले असतीलच. माझा गुलाब मी त्या साक्षीदारांत उभा करणार नाही. माती उकरून मला कुणाचा दर्जा कळला नाही. कोण कुणाच्या जिवावर उभं आहे, ते कळलं, आणि ‘रानटी’ हा शब्द तोंडातून काढायची लाज वाटली.

तरीही फुटवा काढायला हवाच होता. ठेवला असता तर खुंटानं सगळा रस आपल्या फांदीला दिला असता आणि पीस हळूहळू वाळला असता. त्या तिसऱ्या श्लोकातल्या असंगाचा अर्थ शंकराचार्य पुत्र, वित्त आणि लोक यांच्या एषणांतून, म्हणजे ओढीतून, उठणं असा करतात. माझ्या हातात असंग नव्हता. मला पिवळं फूल हवं होतं. म्हणून या तोडण्याला मी अध्यात्माचं नाव देणार नाही. मी निवड केली, तीही आसक्तीनं.

कात्री बाजूला ठेवली. फुटवा कापला तर बुडाशी डोळे राहतात आणि एकाचे चार येतात. तो खुंटापासूनच ओढून काढावा लागतो. दोन्ही हातांनी धरून खाली ओढला, तेव्हा टचकन आवाज झाला आणि सालीची ओली पांढरी जखम दिसली. तिच्यावर माती लोटताना हात थोडा थांबला.

मग त्या फुटव्याचे वीतभर लांबीचे पाच तुकडे केले आणि पत्र्याच्या जुन्या डब्यात, पारिजातकाच्या सावलीत खोचले. खुंट मुळं चटकन धरतो.

वहिनींनी विचारलं, “याला फुलं तरी कसली येणार?”

“बारीक, पांढरी. घोसानं येतात.”

चौथा आठवडा चालू आहे. दोन तुकडे काळे पडले. तिघांना पोपटी कोंब आलेत, आणि एकाच्या पहिल्या पानाच्या बुडाशी ती झालर उमटली आहे.